सगुणाच्या ट्रंकेतला शालू

"मावशी, ह्या बाप्पाचं पोट जास्तच सुटलंय. पितांबर पुरायचा नाय."

"पोट त्याचं नाय सुटलं, तुझा हात आखडलाय. आण इकडं."

सगुणाने पिंकीच्या हातातलं पिवळं कापड ओढून घेतलं, एक टोक दातात धरलं आणि बसल्या जागी निऱ्या घालायला लागली. अंगठा, तर्जनी, अंगठा, तर्जनी. आठवी निरी पडली आणि मघाशी न पुरणारं कापड बाप्पाच्या मांडीवरून पायाशी असं उतरलं, की पिंकीने नुसती मान हलवली.

"तुम्ही पार्लर काढा मावशी. नवऱ्या नेसवायच्या. मातीच्या पोटाला हात लावून काय मिळणार?"

"हा हालत नाय, बोलत नाय, टोचतंय म्हणून रडत नाय. नवरीपेक्षा बरा."

पेणच्या त्या गणपतीच्या कारखान्यात सगुणाला पंधरा वर्षं झाली होती. आधी ती घासकामाला होती, पॉलिशपेपर घेऊन दिवसभर मूर्ती घासायची. पुढे मूर्तींना खरं कापड नेसवायची टूम निघाली आणि मालकिणीला, नम्रता वहिनींना, तिचे हात कळले. तेव्हापासून धोतर, पितांबर, शेला, फेटा, सगळं सगुणाकडे. पन्नाशीला टेकलेली, काटक बाई. काम करताना बांगड्या मूर्तीला लागून रंग उडतो म्हणून बाकीच्या बायका सकाळी आल्या की बांगड्या काढून खुंटीला अडकवायच्या. सगुणा काढायची नाही. ती दोन्ही हातांतल्या हिरव्या बांगड्यांवर चिंध्या गुंडाळायची आणि तशीच कामाला बसायची.

त्या दिवशी नम्रता वहिनींनी जुन्या साड्यांचं एक गाठोडं आणून टाकलं होतं. मोठ्या मंडळांच्या मूर्तींना खऱ्या जरीचा काठ हवा असतो, आणि खरी जरी आता कुणाच्या तरी कपाटातल्या जुन्या लग्नातच मिळते. सगुणा एकेक साडी बघत होती. एक मोरपंखी शालू तिने उघडला आणि तो घडीघडीवर तुटून तिच्या मांडीत पडला.

"अगं बाई, हा कसा फाटला?" पिंकीने विचारलं.

"ठेवून ठेवून. जरी म्हंजे सुरी असते गो. एकाच घडीवर वर्सानुवर्सं बसली की रेशीम कापते. वर्साला एकदा काढायचा, वारा दावायचा, घडी बदलायची. बायका करत नायत. जीव लावून ठेवतात नि जीवच घेतात."

"मग तुमच्या ट्रंकेतल्या शालूची घडी बदलता तुम्ही?"

सगुणाने मोरपंखी तुकडे गोळा केले.

"त्याची गोष्ट वेगळी हाय," ती म्हणाली. "कात्री दे."

ती गोष्ट पिंकीला पाठ होती. सगुणा राहायची त्या रामवाडीतल्या निम्म्या बायकांना पाठ होती. सगुणाचं माहेर खाडीकडचं, मिठागरांतलं. तिच्या आजीचे, काशीबाईचे वडील मिठाचे पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, घेऊन मुंबईला जायचे. एका वर्षी परतताना त्यांनी एकुलत्या एका लेकीच्या लग्नासाठी डाळिंबी रंगाचा बनारसी शालू आणला. त्या गावात तोवर कुणी बनारसी पाहिलेला नव्हता. लोक मिठाचं काम टाकून बघायला आले आणि हात पांढरे म्हणून लांबूनच बघून गेले. त्या शालूत काशीबाईचं लग्न झालं, पुढे तिच्या लेकीचं, सीताबाईचं, आणि शहाण्णव साली सीताबाईच्या लेकीचं, म्हणजे सगुणाचं. दर वेळी आईने आपल्या हाताने लेकीला तो मांडवात दिला, आणि दर वेळी त्या आईच्या कपाळाला कुंकू होतं.

शालूबरोबर एक रीतही यायची. ती कुणी घातली ते कुणाला माहीत नव्हतं. शालू अहेव हातांनी द्यायचा, म्हणजे देणारीचा नवरा हयात पाहिजे. आणि एका नवरीपासून दुसऱ्या नवरीपर्यंत त्याची घडी उघडायची नाही. मध्ये उघडली तर कुंकवाला धक्का.

सगुणाला नेसवताना सीताबाईला एका घडीवर वीतभर विरलेलं दिसलं होतं. तिने ती जागा निऱ्यांच्या आत घेतली आणि लेकीच्या कानात म्हणाली, "कुणाला सांगू नको. जुनं रेशीम हाय, तेवढं चालायचंच."

नवरा केरू. घर निडीजवळ, आत, भाताच्या आणि वालाच्या शेतांमध्ये. अंगाने बारीक, तोंडाने थोर. शालूची गोष्ट त्याला लग्नाच्या रात्री कळली तेव्हा तो म्हणाला होता, "म्हंजे तुझी आजी, तुझी आई नि तू. माझं एका खर्चात तीन बायकांशी लगीन लागलं." सगुणा हे सांगताना अजून तोंडाला पदर लावते.

शेतावर भागेना म्हणून केरू धाटावला एका कंपनीत कंत्राटावर लागला. दोन हजार नऊच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुसरी शिफ्ट होती. सगुणाने डब्यात भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली. आठ वर्षांची भूमिका उंबऱ्यात बसली होती, तिच्या डोक्यावर टपली मारून तो निघाला. कंपनीच्या बसमध्ये चढताना त्याला चौघांनी पाहिलं. उतरताना कुणीच नाही. गेटवर त्याची हजेरी लागली नाही, आणि तो घरीही परत आला नाही.

पोलिसांत तक्रार झाली. फोटो दिला. कुणी म्हणालं पनवेलला दिसला, कुणी म्हणालं सुरतेला. कुणी म्हणालं, बाई असंल दुसरी. सगुणा दर वेळी गेली आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाचं तोंड बघून आली. दिराची बायको एक दिवस चुलीपाशी बोललीच, "नवरा बांधून ठेवायचा सोडून लोक शालू बांधून ठेवतात." तेव्हा सगुणाने लेक घेतली, ट्रंक घेतली आणि पेणला रामवाडीत एक खोली भाड्याने केली.

नव्या शेजारणींनी विचारलं, "मालक कुठं असतात?"

"कामाला गेलाय," सगुणा म्हणाली.

ते खरंच होतं. तो कामालाच गेला होता. सोळा वर्षं ती तेच सांगत आली. वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घालायची. ओटी भरायला कुणी बोलावलं तर जायची, आणि बोलावताना बाई जरा अडखळली तर ते न दिसल्यासारखं करायची. रोज संध्याकाळी ट्रंकेपुढे एक उदबत्ती लावायची. केरूच्या बाबतीत तिच्या हातात काहीच राहिलं नव्हतं. ती घडी तेवढी होती. ती मोडली नाही, म्हणजे तो असणार.

भूमिका शिकली, पेणमध्येच एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायला लागली. तिने स्वतःच मुलगा पसंत केला. प्रवीण. रोह्याचा, धाटावला पर्मनंट. आईबाप लवकर गेले, मोठ्या बहिणीने, वैशालीने, वाढवलेला. फेब्रुवारीत वैशाली आणि प्रवीण रामवाडीला बोलणी करायला आले. वैशाली बोलायला मोकळी. आल्या आल्या तिने चहाची भांडी स्वतः विसळली.

"भूमिकाने शालूचं सांगितलं हो मावशी. आजकाल मुली हजारो घालून नवीन कापड जुनं दिसेल असं करून घेतात. तुमच्याकडं खरं जुनं आहे. हॉलमध्ये सगळे बघत राहतील."

सगुणाचा चेहरा उजळला. "माझ्या आईनं मला दिला. मी हिला देणार."

"द्याच. फक्त एक विचारू का? रागवायचं नाही. पत्रिकेत भूमिकाच्या वडिलांच्या नावापुढं काय घालायचं?"

"काय घालायचं म्हंजे? श्री. असतंय."

"श्री. घातलं की लोक मांडवात माणूस शोधतात."

"कामाला गेलाय म्हणून सांगा."

वैशालीने कप खाली ठेवला. "मावशी, सोळा वर्षं कुठली शिफ्ट चालते?"

"ताई, अगं," प्रवीण म्हणाला.

"तू थांब. हे आत्ता बोललेलं बरं, नंतर मांडवात बोलण्यापेक्षा. मावशी, माझ्या सासरची माणसं येणार, आमची भावकी येणार, ह्याच्या कंपनीतले येणार. बाप वारला म्हटलं की लोक चुकचुकतात आणि जेवायला बसतात. बाप निघून गेला म्हटलं की जेवून हात धुवेपर्यंत तेच चघळतात. कुठं गेला, का गेला, कुणाबरोबर गेला. मेलेल्या बापाची लाज नसते. कै. घालू या."

"आनि मी?"

"तुम्ही काय?"

"कै. घातलं की मी कोण?"

 भूमिका आपल्या कपातल्या सायीकडे बघत होती.

"तुमच्याशी कुणी वाईट वागणार नाही, माझी जबाबदारी," वैशाली म्हणाली.

"शालू मी द्यायचा असतो," सगुणा म्हणाली. "अहेव हातांनी."

"अहो, द्यायला तुमच्या वहिनी आहेत की. रंभामामी. मामा मजेत आहेत, मामी देतील. शालू तोच, नवरी तीच. हात तेवढा दुसरा."

ते गेल्यावर सगुणा बराच वेळ दारात उभी राहिली. भूमिकाने कप उचलले, फरशी पुसली, पुसलेली फरशी पुन्हा पुसली.

"तुला काय वाटतं?" सगुणाने विचारलं.

"मला लग्न करायचंय आई."

"ते नाय विचारलं."

"मग ऐक. मला त्यांचा आवाज पण आठवत नाही. शाळेच्या फॉर्मवर, कॉलेजच्या फॉर्मवर, वडील काय करतात, तर कंपनीत. लिहीतच आले मी. मैत्रिणीच्या घरी तिचे बाबा शिफ्टवरून आले की मी चप्पल घालून निघायचे. तू मला एकदा सांग, ते आहेत की नाहीत?"

"मला म्हायत नाय गो."

"मग श्री. घातलं काय आणि कै. घातलं काय. दोन्ही खोटंच ना?"

सगुणाने लेकीच्या हातातलं फडकं घेतलं आणि पिळून दोरीवर टाकलं. तिच्या मनात दुसरंच काही चाललं होतं. दोन दिवसांनी वैशालीने पत्रिकेचा नमुना भूमिकाच्या मोबाइलवर पाठवला. वर गणपती, खाली अक्षरं: कै. केरू विठू घोसाळकर यांची कन्या. त्याखाली वैशालीचा निरोप, मावशींनी हो म्हटलं की छापायला देते. सगुणाने मोबाइल लांब धरून ते वाचलं. 'कै.' वर तिने अंगठा ठेवला. स्क्रीन हलला आणि अक्षरं मोठी झाली.

"रविवारपतुर थांब म्हणून सांग," ती म्हणाली.

"रविवारी काय?"

"पत्रिका छापंपर्यंत मी सवाष्णच हाय. रविवारी मी तुला शालू देते. हितं, घरात. माझ्या हातांनी. मग घाल काय घालायचं ते."

"पण मांडवात मामी देणार ना?"

"मामीनं लोकांसाठी द्यावा. तुला मी आधी दिलेला असंल. ते तुला ठाऊक नि मला ठाऊक."

भूमिकाला हे पटलं की नाही कोण जाणे, पण ती हसली. बऱ्याच दिवसांनी आईकडे बघून हसली. "नेसवशील पण? नीट? तुझ्या गणपतींना नेसवतेस तसं?"

"त्यांच्यापेक्षा बरं. त्यांना मागून खिळा मारावा लागतो."

ते चार दिवस सगुणा कारखान्यात गुणगुणत होती. पिंकीने चिडवलं, "लग्न तुमचं का भूमिकाचं?" तर म्हणाली, "दोघींचं." नम्रता वहिनींकडून तिने मोठा आरसा मागून घेतला. पिंकी आणि तिने तो रिक्षातून, मांडीवर आडवा धरून, रामवाडीला नेला. वाटेत पिंकीने त्यात आपली भुवई बघितली, ओठ बघितले.

"मला बोलवा ना रविवारी. मी कोपऱ्यात बसंन."

"नको. हे आईचं नि लेकीचं असतं. तुझ्या आईला सांग, तुझ्यासाठी ठेव काय तरी म्हणून."

"माझी आई ठेवणार? तिनं लग्नातली साडी बोहारणीला देऊन पातेलं घेतलंय."

"पातेलं हाय ना अजून?"

"हाय."

"मग बरं हाय," सगुणा म्हणाली आणि आरशाचा कोपरा पदराने पुसला.

रविवारी सकाळी दोघी न्हाल्या. सगुणाने पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली, दार लावून घेतलं. खिडकी उघडी ठेवली, उजेड पाहिजे म्हणून. भूमिका परकर-पोलक्यात पाटावर उभी राहिली, केस टॉवेलात.

ट्रंकेचं कुलूप तेल घालूनही उघडायला वेळ लागला. वर वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा. त्याखाली सगुणाच्या लग्नात तिच्या मामाने दिलेली पिवळी साडी. मुंडावळ्या, त्यातल्या एकीचे मोती ओघळलेले. खणाची चोळी, इतकी लहान की भूमिका म्हणाली, "ह्यात तू मावायचीस?" मग केरूचा शेला. शेल्याच्या एका टोकाला अजून गाठीची सुरकुती होती, लग्नात पदराला बांधल्याची. सगुणाने ते टोक मुठीत धरलं, सोडलं, शेला बाजूला ठेवला.

सगळ्यात खाली, पांढऱ्या पंच्यात बांधलेला, शालू.

तिने पंचा सोडला. डाळिंबी रंग तसाच होता. बाहेरून तो तसाच होता, जरीचा काठ जरा काळवंडलेला, बाकी जसाच्या तसा. भूमिका पाटावरूनच पुढे वाकली. "आई, काय सुंदर आहे गं."

सगुणाने दोन्ही हातांवर शालू घेतला. तिच्या आईने म्हटलेलं तिला म्हणायचं होतं. "काशीबाईनं सीताबाईला दिला. सीताबाईनं सगुणाला दिला. सगुणा भूमिकाला देते. अहेव हातांनी देते." शेवटचं तिने पुन्हा एकदा म्हटलं. मग शालू लेकीच्या ओंजळीत ठेवला, परत घेतला, आणि नेसवायला पहिली घडी उघडली.

पहिल्या घडीला काही झालं नाही. दुसरी उघडताना वाळलेलं पान पायाखाली यावं तसा आवाज आला, आणि हातभर रुंदीची एक पट्टी सुटून खाली गेली. रांगोळीवर पडली.

"थांब. आई, आणखी उघडू नको."

"थांबून काय?"

तिने तिसरी उघडली. चौथी. जिथे जिथे घडी होती तिथे तिथे रेशीम नव्हतंच, जरीचे चार धागे तेवढे पुलासारखे होते, तेही हात लागताच तुटले. ती उघडत गेली. पदराजवळ आली तेव्हा पदरसुद्धा तीन तुकड्यांत तिच्या हातात आला. पाटाभोवती सगळीकडे डाळिंबी पट्ट्या झाल्या. भूमिका मध्ये परकरात उभी होती, तिला पाय कुठे ठेवावा कळेना.

आता सगुणा रडेल असं भूमिकाला वाटलं. सगुणा रडली नाही. तिने एक पट्टी उचलली, खिडकीशी गेली, आणि कारखान्यात बघते तशी डोळ्याजवळ धरून तिची कड बघायला लागली. नखाने कड खरवडली. नखाला भुकटी लागली. दुसरी पट्टी उचलली, तिचीही कड बघितली. मग तिसरी.

"आई, काय करतेस?"

"हे आताचं नाय."

"म्हणजे?"

"आता फाटलं असतं तर दोरा ताजा दिसला असता. आतून रंग उजळ असता. हे बघ, भुकटी झालीय. हे कवाच गेलंय. नुसतं घडीत उभं होतं."

"कधी गेलं असेल?"

"तेच बघते." तिने पट्टी उजेडात फिरवली. "माझ्या लग्नात वीतभर गेलेलं होतं, ते हे. हे जुनं. बाकीचं त्याच्या मागनं हळूहळू. पन हे शेवटचं, हे पदराचं... दहा-बारा वर्सं. जास्त नाय."

"आई, खाली बस."

"मी बायकांना सांगते ना गो, घडी बदला, घडी बदला. नम्रता वहिनींनासुद्धा मी शिकवलंय. मला म्हायत नव्हतं असं नाय." ती खिडकीलाच टेकली. "मला वाटायचं, माझा शालू मी उघडत नाय म्हणून टिकलाय. उघडला असता तर तुझा बाप आला नसता. म्हणून हात लावला नाय. नि हे हितं दहा वर्सं मेलेलं. मी रोज उदबत्ती लावत होते."

भूमिका पट्ट्यांवर पाय पडू नये अशा उड्या मारत तिच्यापाशी आली. तिला जे सुचलं ते तिने मायेनेच म्हटलं. "जाऊ दे. मला दुकानातला चालेल. खरंच."

सगुणाने मान हलवली. हातातली पट्टी खिडकीत ठेवत म्हणाली, "वैशालीला कळव. कै. घाल म्हणावं."

"शालू फाटला म्हणून?"

"व्हय."

"त्याचा आणि बाबांचा काय संबंध आई?"

"तुला नाय. मला हाय."

दुपारी तिने सगळ्या पट्ट्या गोळा केल्या. त्यांचं काय करतात ते तिला माहीत नव्हतं. म्हणून तिने त्या एकावर एक, होत्या त्याच घडीच्या क्रमाने रचल्या, पंच्यात बांधल्या आणि ट्रंकेत ठेवल्या. वर शेला ठेवला. संध्याकाळी उदबत्ती लावली नाही.

सोमवारी कारखान्यात पिंकी मूर्तीला फेटा बांधत होती. सगुणा आली, पिशवी ठेवली, खुंटीपाशी गेली. हिरव्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि बाकीच्यांच्या बांगड्यांशेजारी अडकवल्या. पिंकी बघत राहिली. नम्रता वहिनी हिशेबाची वही घेऊन चालल्या होत्या, त्याही थांबल्या.

"सगुणा, काय झालं गं?"

"काय नाय. मूर्तीला लागतात, रंग उडतो."

"पंधरा वर्षं नाही उडाला तो?"

सगुणा खाली बसली. संध्याकाळी बायका आपापल्या बांगड्या काढून घेऊन गेल्या. हिरव्या तशाच राहिल्या.

लग्न एप्रिलमध्ये रोह्याला, हॉलमध्ये. भूमिकाने गडद गुलाबी शालू घेतला होता, पेणच्याच दुकानातला. पार्लरवालीने तिला नेसवलं, केस बांधले, आणि तिला दुसरी नवरी होती म्हणून ती निघून गेली. मुहूर्ताला अर्धा तास असताना भूमिका खुर्चीवरून उठली आणि निऱ्या सुटल्या.

नवरीच्या खोलीत एकच धावपळ झाली. रंभामामी पुढे झाली, निऱ्या गोळा करायला लागली. नवं कापड कडक, मामीच्या हाताला सवय नाही. चार घातल्या की दोन निसटत. सगुणा दारात उभी होती, पिवळट पांढऱ्या साडीत.

"वैनी, डावा हात वर घे. अंगठ्यात धर."

"धरलंय गो. हे सुळसुळतंय. मला नाय जमत, तूच ये..." आणि मामी बोलता बोलता थांबली.

वैशालीची सासू पलंगावर बसली होती. वाईट बाई नव्हती. हळूच म्हणाली, "तुम्ही नका हात लावू आता. हळद लागलीय तिला."

"आईला करू द्या ना," भूमिका म्हणाली. तिच्या मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या होत्या, तिने त्या बाजूला सारल्या. "दोन मिनिटांचं काम आहे तिचं. आई, ये ना."

वैशाली सासूकडे बघत होती. सासू जमिनीकडे. आत यायला कुणी नको म्हटलं असतं की नाही, ते शेवटी कळलंच नाही.

"नको," सगुणाच म्हणाली. "वैनी, पहिली निरी मोठी घे. बाकीच्या तिच्या मापानं. घाई करू नको."

मामीने घाई केली. वैशालीने पिना दिल्या. पाच पिना लागल्या, तरी एक निरी लांब राहिली आणि नवरी मांडवाकडे निघाली तशी ती चपलेखाली येत राहिली. सगुणा मागून चालत होती, चार पावलं अंतर ठेवून. अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. ती निरी पाटावरून खाली लोंबत होती. बाकी कुणाच्या लक्षात आली नाही.

जेवणाच्या पंगतीला सगुणाच्या शेजारी वराकडची एक बाई बसली. वयाने तिच्याएवढीच, बोलकी. पापड मोडत म्हणाली, "मुलगी गोड आहे हो तुमची. एकटीने वाढवलीत म्हणे. मिस्टर...?"

"वारले," सगुणा म्हणाली.

"अरेरे. कधी हो?"

सगुणाने भाताचा घास कालवला, पुन्हा कालवला.

"दहा-बारा वर्सं झाली," ती म्हणाली.

ती बाई चुकचुकली, आणि वाढप्याला हाक मारून तिने दोघींच्या पानात जिलबी घालायला लावली.